शरदातला पेरू: आई-बाबांना घेऊन १२ दिवस (मदत हवी आहे)

पठारावरची
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

आई-बाबा ऑक्टोबरात आमच्याकडे न्यू जर्सीला येतायत. बाबा ६८ वर्षांचे, बीपीची गोळी चालू आहे. आई ६३ ची, तिचे गुडघे कुरकुरतात. आमचं गाव सातगाव पठारावर, म्हणजे खरिपाचा बटाटा. काढणी उरकून आडत्याची पट्टी हातात पडल्याशिवाय बाबा घर सोडत नाहीत, त्यामुळे ऑक्टोबरच्या आधी यायचा प्रश्नच नाही. नायगारा, न्यू यॉर्क, वॉशिंग्टन सगळं मागच्या खेपेला झालं. यंदा फोनवर विचारलं, कुठे जायचं? तर बाबा म्हणाले, "पेरूला." मला आधी चेष्टाच वाटली.

धाकटा भाऊ डॅलसहून येणार आहे. त्याने घाईघाईत केलेला बेत असा: १७ ऑक्टोबर लिमा, १८ कुस्को, १९ इंद्रधनुष्यी डोंगर (विनिकुन्का), २० माचू पिच्चू (इनका लोकांचं डोंगरावरचं जुनं शहर), २१-२२ टिटिकाका तलाव, २३-२४ नाझ्का, २५ ते २८ इकितोसचं जंगल, आणि २९ ला लिमाहूनच आई-बाबा अ‍ॅमस्टरडॅममार्गे मुंबईला रवाना.

मला हे बघूनच दम लागलाय. काय काढू, काय ठेवू? पाऊस असतो का? आणि बाबा माळकरी, आई पण शाकाहारी. तिकडे खायचं काय?

खुसपटराव
शीर्षकाला आक्षेप. शरद तुमच्याकडे, ताई. विषुववृत्ताच्या खाली ऑक्टोबरात वसंत असतो. तसं पाहिलं तर कुस्कोकडे ऋतू दोनच, कोरडा आणि ओला. मे ते सप्टेंबर कोरडा, नोव्हेंबर ते मार्च पावसाचा. ऑक्टोबर उंबरठ्यावर उभा असतो, दुपारी एखादी सर येते आणि जाते. पंचांगातल्या शरदाला मात्र माझी हरकत नाही. तुमच्या तारखांत दसरा, एकादशी आणि कोजागिरी तिन्ही येतायत.

चकलीनंतरबोलू
पेरूला जाऊन पेरू मिळतो का ते आधी बघा 😀

गोंयचो
अवांतर: पोर्तुगीजमध्ये 'पेरू' म्हणजे टर्की हा पक्षी. तेव्हा लिस्बनमार्गे जाणार असाल तर माळकऱ्यांनी हा शब्द जपून वापरावा.

रानवाटा
आम्ही गेलो होतो ऑक्टोबरच्याच तिसऱ्या आठवड्यात, सासूबाईंना घेऊन. म्हणून जरा लांबण लावते.

भावाचा बेत कागदावर झकास आहे. प्रत्यक्षात १९ तारखेला तुम्ही चौघं हॉटेलच्या खोलीत डोकं धरून बसलेले असाल. लिमा समुद्राकाठी, आणि कुस्को ३४०० मीटरवर. म्हणजे जवळजवळ लेह. विमान सव्वा तासात तिथे नेऊन सोडतं, शरीराला पत्ताच नसतो. आम्ही तीच चूक केली. टूरवाल्याने "दोन तास आराम करा, संध्याकाळी शहर बघू" म्हणून सांगितलं आणि आम्ही ऐकलं. सासूबाई ठणठणीत होत्या, मीच दोन दिवस आडवी! पायऱ्या चढताना नाही, नुसती बुटाची लेस बांधायला वाकले तरी धाप लागायची.

गंमत अशी की माचू पिच्चू कुस्कोपेक्षा हजारभर मीटर खाली आहे, २४३० वर. आणि मधली उरुबांबा नदीची दरी, जिला सगळे सेक्रेड व्हॅली म्हणतात, ती २८०० ते ३००० च्या आसपास. म्हणून कुस्कोच्या विमानतळावर उतरा, शहराकडे बघूही नका, टॅक्सी करून तडक दरीत उतरा. उरुबांबा किंवा ओयान्तायताम्बोला तीन रात्री काढा. तिथून ट्रेनने माचू पिच्चू. कुस्को अगदी शेवटी, तोवर अंगाला सवय झालेली असते.

विनिकुन्का ५००० मीटरच्या वर आहे. कळसूबाई १६४६. म्हणजे तीन कळसूबाई एकावर एक ठेवा. बाबांच्या बीपीला घेऊन तिथे जायचं नाही, विषय संपला. टिटिकाका, नाझ्का आणि इकितोस नकाशावर जवळ दिसतात, पण तीन वेगळे देश बघितल्यासारखी धावपळ होते.

माचू पिच्चूची तिकिटं आत्ताच काढा. २०२४ पासून आत फिरायचे ठराविक मार्ग केलेत, १, २ आणि ३. तिकिटावर मार्ग आणि वेळ छापलेली असते, आणि पासपोर्ट नंबर टाकावा लागतो. एकदा पुढे गेलं की मागे फिरू देत नाहीत. फोटोत दिसतं ते सगळं हवं असेल तर मार्ग २, पण तो आधी संपतो आणि त्यात पायऱ्या भरपूर. आईंच्या गुडघ्यांना मार्ग ३ बरा, तो खालच्या अंगाने जातो. काठी चालते, पण टोकाला रबर हवं. आणि आत स्वच्छतागृह नाही. दाराबाहेर आहे, तिथे जाऊनच आत शिरा. हे कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगितलं.

फावला_डॉक्टर
रानवाटा यांना +१. भर घालतो.

विरळ हवेसाठी अ‍ॅसिटाझोलामाइड नावाची गोळी असते, वर चढायच्या आदल्या दिवसापासून घेतात. पण सल्फाची अ‍ॅलर्जी असेल किंवा बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर परस्पर घेऊ नका. गावच्या डॉक्टरांना पुडकी दाखवून विचारा. पहिले दोन दिवस जेवण हलकं, पाणी भरपूर. हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा देतात, तिथे तो कायदेशीर आहे, प्यायला हरकत नाही. आवडला म्हणून पुडी बॅगेत टाकू नका. अमेरिकेतही गुन्हा, भारतातही.

आता खरी गोम. बेतातली शेवटची ओळ: २९ ला लिमाहून थेट मुंबई. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस घेतली आहे का?

पेरू भारताच्या पीतज्वर यादीत आहे. त्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि पिवळं कार्ड (ही लस घेतल्याचा दाखला) नसेल, तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. आम्ही जंगलात गेलोच नव्हतो, फक्त डोंगर बघितला, हे तिथे चालत नाही. देशाचं नाव बघतात.

मग लस घ्या, असं म्हणाल. लस चांगली आहे, एकदा घेतली की कार्ड जन्मभर चालतं, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. पण ती जिवंत विषाणूची लस आहे आणि साठीनंतर पहिल्यांदा घेताना क्वचित गंभीर त्रास होऊ शकतो. लिमा, कुस्को, माचू पिच्चू एवढंच करणाऱ्याला वैद्यकीयदृष्ट्या तिची गरजही नसते. म्हणजे गरज जंगलाची, नियम विमानतळाचा, आणि सुई बाबांना.

उपाय सोपा आहे. इकितोस काढून टाका आणि आई-बाबांना पेरूहून परत जर्सीला न्या. तिथे आठवडाभर राहिले की सहा दिवसांचा प्रश्नच उरत नाही.

पठारावरची
बापरे! हे आमच्या स्वप्नातही नव्हतं. आई म्हणतेय, मग दिवाळी इकडेच करू. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, परतीचं तिकीट १२ चं करते. डॉक्टर, तुमच्या नावाने एक डबा चकल्या.

अजून एक. माझं आणि नवऱ्याचं ग्रीनकार्ड आहे, आई-बाबांचा दहा वर्षांचा अमेरिकन व्हिसा आहे. भाऊ एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे, पासपोर्टातला शिक्का संपलाय पण कागद नवीन आलेत. पेरूचा व्हिसा कुणाकुणाला लागेल?

फाईलबंद
अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा व्हिसा किमान सहा महिने शिल्लक असेल, किंवा तिथला कायमचा रहिवास असेल, तर भारतीय पासपोर्टवर पेरूत पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही. २०१७ पासूनची सोय आहे. म्हणजे तुम्ही चौघं सुटलात. तरी तिकीट काढायच्या दिवशी वकिलातीच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या.

भावाचं कठीण आहे. शिक्का संपलाय म्हणजे पेरूसाठी वेगळा व्हिसा हवा. तो मिळाला तरी परत अमेरिकेत शिरायला नवा शिक्का लागणार. शिक्का संपलेला असताना जुन्या शिक्क्यावर परत यायची जी सवलत आहे ती कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या फेरीपुरती, पेरूला लागू नाही. माझा एक मित्र असाच दुसऱ्या देशात अडकला आणि तिथून सात आठवडे रात्रपाळीत ऑफिसचं काम करत बसला.

पठारावरची
भाऊ गळला. त्याच्याबरोबर विनिकुन्काही गळला. आईने देवाला साखर ठेवली.

रानवाटा
एक विचारू का? बाबांना पेरूच का? आमच्या सासूबाईंना आम्ही ओढून नेलं होतं. तुमचे स्वतःहून म्हणाले.

पठारावरची
हे मी मुद्दाम लिहिलं नव्हतं, लोक हसतील म्हणून.

बाबांना माचू पिच्चू माहीतच नव्हतं. कृषी मेळाव्यात कुणीतरी भाषणात सांगितलं की बटाटा मूळचा पेरूकडचा, तिथे डोंगरात हजारो वाण आहेत. तेव्हापासून डोक्यात बसलंय. चाळीस वर्षं बटाटा केला त्यांनी. बेणं पंजाबचं, कुफरी ज्योती नाहीतर पुखराज. एका वर्षी करप्याने आठ दिवसांत अख्खं रान काळं केलेलं मला आठवतं. मी सातवीत होते. आईने त्या वर्षी दिवाळीला नवं काही घेतलं नाही, आणि बाबा संध्याकाळी बांधावर नुसते बसायचे.

तर त्यांना "त्याचं गाव" बघायचंय. एवढंच. इनका वगैरे ठीक आहे म्हणाले.

खुसपटराव
शीर्षकाचा आक्षेप मागे.

लिमाकर
खाणीच्या कामानिमित्त सहा वर्षं लिमात आहे. धागा उशिरा पाहिला.

बाबांना म्हणावं, योग्य दाराशी आलात. आणि महिनाही योग्य. डोंगरात बटाट्याची मोठी लावणी ऑक्टोबर-नोव्हेंबरातच होते, पहिल्या पावसावर. काढणी बघायची तर मे-जूनमध्ये यावं लागलं असतं. म्हणजे तुमच्या पठारावरची काढणी संपवून ते इथल्या लावणीला पोचतील.

पिसाक गावाच्या वर 'पार्के दे ला पापा' आहे, बटाट्याचं उद्यान म्हणा. उद्यान म्हणजे बाग नाही. डोंगरातल्या मूळच्या केचुआ लोकांच्या काही गावांनी एकत्र येऊन आपली हजारो हेक्टर जमीन राखली आहे आणि तेराशेच्या आसपास वाण तिथे लावतात. लिमात आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे, त्याने २००४ च्या करारानंतर गोळा केलेल्यांतले शेकडो वाण या गावांना परत दिले. मात्र आधी कळवून जावं लागतं, आणि हे सगळं ३५०० मीटरच्या वर आहे. म्हणून शेवटच्या दोन दिवसांत ठेवा.

तिथे एक वाण आहे, देवदाराच्या बोंडासारखा, नुसत्या गाठीच गाठी. सोलता सोलत नाही. त्याच्या केचुआ नावाचा अर्थ 'सुनेला रडवणारा'. लग्न ठरलं की सासू हा बटाटा हातात द्यायची आणि नव्या मुलीने तो न मोडता सोलून दाखवायचा.

लिमाबद्दल: १८ ऑक्टोबरला जुन्या शहरात जाऊ नका, किंवा फक्त त्याचसाठी जा. ऑक्टोबर हा इथे जांभळा महिना. भिंतीवर काढलेलं ख्रिस्ताचं एक चित्र १६५५ च्या आणि १६८७ च्या भूकंपातून वाचलं, त्याच्या प्रतीची पालखी निघते. लाखो लोक, बायाबापड्या जांभळ्या झग्यात, धूप, रस्ते बंद. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वारीचीच आठवण झाली, माळकऱ्यांना बघायला आवडेल. आभाळ मात्र राखाडी असतं, मुंबईचा जून पण पाऊस न पडणारा.

डॉलर कोरे करकरीत आणा. कोपरा फाटलेली नोट इथे कुणी घेत नाही. आणि इकडे संप, रस्ता रोको होतात. २०२५ च्या सप्टेंबरात बसच्या कंत्राटाच्या वादावरून माचू पिच्चूची ट्रेन अडवली होती, शेकडो पर्यटक अडकले. म्हणून माचू पिच्चू आणि परतीचं विमान यांत दोन-तीन दिवसांची फट हवीच.

चकलीनंतरबोलू
सुनेला रडवणारा बटाटा. आमच्याकडे हे काम बटाट्याशिवायच होतं.

मोरपंखी
सासूला रडवणारा वाण आहे का? किलोभर हवा होता.

खादाडखाऊ
दिवे घ्या, पण खाण्यावर अजून कुणी काही बोललं नाही, हे या संस्थळाला शोभत नाही.

शाकाहारी म्हणून नुसतं 'सिन कार्ने' म्हणू नका. कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी गुरांचं मांस, कोंबडी त्यात धरतीलच असं नाही. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो' (मांस, कोंबडी, मासे नको) असं तिन्ही म्हणायचं. सूपाचं पाणी बहुतेकदा कोंबडीचं असतं, म्हणून 'काल्दो' कशाचा ते विचारायचं. कुस्कोच्या कॅथेड्रलमध्ये शेवटच्या भोजनाचं जुनं चित्र आहे, त्यात येशूच्या पुढ्यात ताटात गिनीपिग भाजून ठेवलाय. बाबांना ते दालन चुकवा.

खायला काय: मोठ्या दाण्याचं मक्याचं कणीस आणि ताजं चीज, रस्त्यावर मिळतं. पिवळ्या मिरचीच्या चीजच्या रश्श्यातला उकडलेला बटाटा, 'पापा आ ला वांकाइना'. किन्वाचं सूप. चिनी पद्धतीची हॉटेलं गल्लोगल्ली आहेत, त्यांना 'चिफा' म्हणतात, तिथे भाज्यांचा परतलेला भात मिळतो. फळांत चिरिमोया शोधा, आपल्या सीताफळाची सख्खी चुलत बहीण. जांभळ्या मक्याचं गोड पेय 'चिचा मोरादा', त्यात दारू नसते.

आणि एकादशी २२ ला येतेय ना? बाबांनी निर्धास्त राहावं. आपल्या उपासाच्या ताटाकडे नीट बघा: बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, साबुदाणा ज्या कंदाचा तो कसावा, सगळे अमेरिका खंडाकडचे. राजगिऱ्याचा भाऊबंदही तिकडे आहे, 'किविचा' म्हणतात, त्याचे लाडूसारखे गोळेसुद्धा मिळतात. पांडुरंगाच्या एकादशीचं अर्धं वाणसामान पोर्तुगीज जहाजांनी आणलेलं आहे. बाबा उपास माहेरी जाऊन सोडतायत असं समजा.

गोंयचो
पांडुरंगाचं सामान आमच्याच बंदरात उतरलं, याची नोंद घ्यावी.

पठारावरची
एकादशीचं वाचून दाखवलं. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे तुकोबांनी साबुदाणा खाल्लाच नसणार." आता त्यावर घरात वाद चालू आहे.

सुधारलेला बेत: १७ लिमा, १८ संध्याकाळी पालखी लांबूनच, १९ कुस्को विमानतळावरून थेट उरुबांबा. २० दसरा, पूर्ण आराम. २१ मोरायची इनकांची गोल पायऱ्यांची शेतं आणि मारासची मिठागरं. २२ एकादशी, घरीच. २३ ट्रेनने खाली, २४ माचू पिच्चू, मार्ग ३, सकाळची वेळ. २५ परत दरीत, कोजागिरी उरुबांबात, दूध आटवायला स्वयंपाकघर असलेलं घर घेतलंय. २६-२७ पिसाक आणि बटाट्याचं उद्यान. २८ कुस्को, २९ लिमामार्गे जर्सी. टिटिकाका, नाझ्का, इकितोस, सगळं बाद.

बाबांचे प्रश्न, सांगितले तसे लिहिते: बेणं घरचं ठेवतात का विकत आणतात? करपा येतो का? एका ठिकाणी दरसाल लावतात का रान बदलतात? आणि एक बेणं खिशात घालून आणता येईल का?

फाईलबंद
शेवटच्याचं उत्तर: नाही, नाही, आणि नाही. अमेरिकेच्या विमानतळावर कुत्री असतात. भारतातही परवान्याशिवाय बेणं नेता येत नाही. एक बटाटा जप्त होईलच, वर दंड.

लिमाकर
रान बदलतात. एकदा बटाटा काढला की बरीच वर्षं ती जमीन पडीक ठेवतात. बाकीचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या.

पठारावरची
(२७ ऑक्टोबर, पिसाक)
फोनवरून लिहितेय, चुकाभूल माफ.

आज वर गेलो. उन्हात भाजतं, सावलीत थंडी. आई गाडीतच बसली, मी बाबांबरोबर. वाफे नाहीत, सऱ्या नाहीत, नुसती गवताळ उतरण. एक माणूस पायाने रेटायचं लाकडी अवजार घेऊन ढेकूळ उलटत होता, 'चाकिताक्या' म्हणतात, आणि समोर वाकलेली बाई त्या फटीत बेणं टाकत होती. बाबांनी अवजार मागून घेतलं. चार वेळा रेटलं आणि पाचव्याला खाली बसले, धाप लागली. त्या बाईने हसून बाबांच्या हातात कोकाची पानं ठेवली. बाबांनी आधी कपाळाला लावली.

आमचा वाटाड्या स्पॅनिश बोलायचा, ती केचुआ, बाबा मराठी. करपा कसा विचारायचा ते मला कुठल्याच भाषेत येईना. मग बाबांनी खिशातून फोन काढला. गेल्या पावसाळ्यातला आमच्याच रानातला फोटो, कडेने काळं पडलेलं पान, खाली पांढरी बुरशी. तिने फोन हातात घेतला, पदरासारख्या शालीने काच पुसली, जवळ धरला. आणि एकदम म्हणाली, "रांचा!"

मग दोघांनी एकाच वेळी मान हलवली, डावीकडून उजवीकडे.

बाबा आता वहीत लिहितायत. करपा म्हणजे रांचा. त्याखाली पापा म्हणजे बटाटा, आणि शेवटच्या अक्षरावर जोर दिला तर बाप. आईला सुनेला रडवणारा दाखवला. तिने उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाली, "उकडून सोलायचा की."